राखेवरचा हात

विझलेल्या राखेवर उघडा तळहात ठेवून डोळे मिटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कुणाच्या अंगणातला पालापाचोळा जळून गेला, धूर संपला, वरून पाणी मारून झालं आणि घरधनी फडा, म्हणजे झाडू, झटकून आत निघाला, की इस्तोभाऊ कुठून तरी उगवायचे. उकिडवे बसायचे, पंजा राखेत दाबून धरायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ आपण ताटकळत उभं राहायचं. बोलायची सोय नव्हती. मग एक तर "हं, झालं" म्हणून ते उठायचे, नाहीतर "आनखी एक बकेट आना" म्हणायचे. बहुतेक वेळा दुसरंच.

त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल. बाकी आम्ही सगळे इस्तोभाऊच म्हणायचो. तिकडे विस्तवाला इस्तो म्हणतात. जंगलखात्यात ते नाकेदार होते, म्हणजे वनरक्षक, आणि त्यांची उभी हयात वणवे विझवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. मुलगा लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर, त्यामुळे घरात बहुतेक भाऊ आणि त्यांची बायको कौसाबाई, दोघंच. जंगल सुटलं तरी खोड सुटली नाही. वणवे उरले नाहीत म्हणून त्यांनी आमच्या कॉलनीतल्या कचऱ्यावर आपला अंमल बसवला. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि म्हणूनच कुणी काढूही शकत नव्हतं.

कॉलनी होती मुलचेऱ्याच्या रस्त्यावरच्या एका लाकूड डेपोची. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. पुढे कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपरांची क्वार्टरं, त्यांच्या मागे हमालांच्या आणि गाडीवानांच्या तणसाने शाकारलेल्या झोपड्या, आणि तारेच्या कुंपणापलीकडे सागाच्या लाकडांचे उंचच उंच थप्पे. फाल्गुन लागला की पानगळ सुरू व्हायची. सागाचं एकेक पान जेवणाच्या ताटाएवढं. अंगण झाडून वळावं तोवर पुन्हा भरलेलं. त्या पाल्याचं करायचं काय, हा तिथल्या प्रत्येक बाईचा रोजचा प्रश्न होता.

लग्न करून मी वर्ध्याहून तिथं गेले, त्या पहिल्याच फाल्गुनात आमच्या ह्यांनी तो प्रश्न सोडवायला घेतला. हे डेपोत बाबू. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ह्यांच्या अंगात उत्साह संचारला. सगळा पाला दारापुढे गोळा केला आणि काडी लावली. ज्वाळा गुडघ्याएवढी झाली नाही तोच इस्तोभाऊ हजर.

"बाबू, हे काऊन पेटवून राह्यले?"

"कचरा आहे भाऊ. जाळतोय."

"कचरा हाये थे मले दिसते. वारा कोनीकडचा हाये थे तुमाले दिसते काय?"

हे आभाळाकडे पाहू लागले, जसा काही वारा तिथं लिहून ठेवला आहे. तेवढ्यात भाऊंनी ओट्यावरची बादली उचलून ढिगावर उपडी केली. ती बादली मी विहिरीवरून डोक्यावर आणली होती. प्यायची होती.

"भाऊ, प्यायचं पाणी होतं ते!" मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"तहान थांबते बाई. इस्तो नाई थांबत."

असं म्हणून ते खाली बसले, राखेवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आनखी एक बकेट आना." मी आणली नाही. ह्यांनी आणली. त्या संध्याकाळी मी म्हाताऱ्याला इतकी नावं ठेवली की शेवटी हेच म्हणाले, "अगं, पेटवलं मी होतं, तू का तापलीस?"

त्यांचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण लहान पोरांनाही पाठ होते. पाला जाळायचा तो भल्या सकाळी, दव असताना, खड्ड्यात आणि भाऊंना विचारून. चुलीतली राख थेट उकिरड्यावर टाकायची नाही. दाराजवळ एक फुटकं मडकं ठेवायचं, राख त्यात एक दिवस मुरू द्यायची, हात ठेवून पाहायचा आणि मगच कॉलनीच्या खताच्या खड्ड्यात न्यायची. तीही सगळी नाही. भांड्यांना राख लागते, वांग्यांच्या रोपांना लागते, बरबटीचं, म्हणजे चवळीचं, बी राखेतच टिकतं. बॅटरीचे संपलेले सेल ते घरोघरून मागून नेत आणि शाळेत देत. मास्तर त्यातली काळी पूड काढून फळ्याला रंग लावत. पॉलिथिनच्या पिशव्या तेव्हा नव्यानंच आमच्याकडे येऊ लागल्या होत्या. चुलीत कुणी पिशवी घातली की भाऊ रस्त्यात उभे राहून नाक वर करायचे आणि बरोबर त्याच दारात जाऊन खाकरायचे.

एवढा आगीचा वैरी, पण बिडी सुटली नव्हती. कमरेला करवंटी बांधलेली असे, तिच्यात पाणी. झुरका संपला की बिडी करवंटीत बुडवायची, चुरगळायची आणि थोटूक खिशात. त्या खिशाला जो वास येई त्याबद्दल मी न बोललेलं बरं. आणि त्यांचं सगळंच खरं असे असंही नव्हे. लसणाची सालं चुलीत जाळली की घरात भांडण होतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मी एकदा म्हटलं, "भाऊ, आमच्याकडे सालं न जाळताही भांडणं होतात." तर अजिबात न डगमगता म्हणाले, "मंग शेजारच्यानं जाळली असतीन."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ते कहरच करायचे. त्या दिवशी सकाळी तिकडे मारबत, म्हणजे इडापिडेचा पुतळा, काढतात. घरातलं जुनंपानं, झिजलेले फडे, फुटकी सुपं, फाटकी वस्त्रं, दाराशी लावलेल्या पळसाच्या डहाळ्या, सगळं घेऊन लोक शिवेपर्यंत जातात आणि मारबतीला ओरडून सांगतात की आमची रोगराई, आमची इडापिडा घेऊन जा. लोक टाकून मागं वळून न पाहता परत येत. वळून पाहायचं नसतं. आणि इस्तोभाऊ शिवेवर बसून तो ढीग उपसत. "इडापिडा जाऊ दे," ते म्हणत, "सूप कायले जाऊ द्याचं?" सूप, दोरी, डबा, लुगड्याचा धड भाग, चुंगड्या म्हणजे पोती, असं सगळं डोक्यावर घेऊन भर रस्त्यानं घरी. म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावत. टाकलेली पिडा घरात आणणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"बाई, अख्ख्या कॉलनीची पिडा माह्या पडवीत हाये," कौसाबाई मला म्हणायच्या, "अन् सगळ्यात मोठी पिडा थे बाजीवर बसून बिडी ओढून राह्यली."

बाजेवरून उत्तर येई, "ऐकू येते मले."

"ऐकू याले पाह्यजे मनूनच बोलते."

हे सगळं वेड कुठून आलं, तेही मला कौसाबाईंनीच सांगितलं. आम्ही दोघी वाळलेली मोहफुलं निवडत बसलो होतो. भाऊ लहान असताना पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या गावी एका भर दुपारी त्यांच्या आईनं चुलीतली राख उकिरड्यावर टाकली. राख वरून गार होती, आत निखारा जिवंत होता. वारा सुटला. तणसाचा ढीग पेटला आणि त्यांच्या गल्लीतली अर्धी घरं गेली. माणसं वाचली. पंचांनी दंड केला नाही, कुणी शिवी दिली नाही. "पन तवा गावात सकाळी एकमेकाच्या चुलीतून इस्तो नेत ना बाई," कौसाबाई म्हणाल्या. "काडीपेटी कोन रोज ओढते? गोवरीवर इस्तो मागून न्याचा, अन् आपली चूल पेटवाची. त्या दिवसापासून ह्यांच्या मायच्या चुलीतला इस्तो कोनं नेला नाई. बोलत सगळे, येत-जात सगळे. इस्तो कोनी मागतला नाई. मरेस्तोवर वाट पाह्यली तिनं." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे मी सांगतलं मनून सांगू नोका."

मी नाही सांगितलं. पण त्यानंतर त्यांनी राखेवर हात ठेवला की मला हसू यायचं बंद झालं.

आमची क्वार्टरं आणि डेपोचं कुंपण यांच्या मधे एक मोहाचं झाड होतं. इतकं जुनं की त्याच्या ढोलीत पोरं लपत. चैत्रात पहाटेपासून त्याची फुलं टपटप गळायची आणि झोपड्यांतल्या बाया टोपल्या घेऊन खाली. मीठमिरची, पोरांच्या वह्या, सणाचं लुगडं, बरंच काही त्या झाडातून निघायचं. फुलं पाल्यात पडली की दिसत नाहीत, म्हणून वेचणीच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन लख्ख करायची, हीच तिकडची पद्धत. जंगलातले बरेचसे वणवे असेच लागतात, हे भाऊंना कुणी सांगायला नको होतं. ते स्वतः उभे राहून, चर खणून, पाणी भरून मग तो पाला जाळू देत.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. आधीच्या ठिकाणी डेपो जळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि ती धास्ती त्यांच्या चेहऱ्यावरून गेली नव्हती. सागाच्या थप्प्यांपासून हाकेच्या अंतरावर बाया पाला पेटवतात हे पाहिल्याबरोबर त्यांनी हुकूम सोडला, मोह तोडून टाका. बायांनी डोक्याला हात लावले. भाऊ पटका बांधून साहेबांच्या ऑफिसात गेले. आमचे हे तिथंच बसलेले होते, त्यांनी ऐकलेलं मला सांगितलं.

"साहेब, झाड इस्तो नाई लावत. मानूस लावते."

"मग माणसांची हमी कोण देणार?" साहेबांनी विचारलं.

"मी देतो. त्या झाडाखाली यापुढं काडी नाई लागन."

साहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण एकदा जरी तिथं आग दिसली, तर झाड जाईल. मग मी कुणाचं ऐकणार नाही."

काडी लावायची नाही तर फुलं वेचायची कशी? भाऊ घरी आले आणि पडवीतली सगळी पिडा बाहेर काढली. मारबतीला सोडलेली लुगडी, धोतरं, चुंगड्या, कुणाची चादर, कुणाची झूल. हे सगळं जोडून शिवायचं, झाडाखाली अंथरायचं आणि फुलं कापडावर पडू द्यायची. पाला खाली राहील, फूल वर. शिवायला सगळ्या बाया बसल्या, पण खरा हात सुगंधाबाईचा. सुगंधाबाई म्हणजे भाऊंच्या मागच्या झोपडीतली. नवरा हमाल, घरात बुद्धाची तसबीर, आणि तोंड असं फटकळ की भाऊंनाही दोन पावलं मागं सरावं लागे. तिनं गोणपाटाच्या सुईनं सगळं एकजीव केलं. ती अवाढव्य बिछायत झाडाखाली पसरली तेव्हा जो तो आपापली वस्तू ओळखू लागला. माझा एक जुना परकर बरोबर मधोमध होता. मी ह्यांना म्हटलं, तिकडे बघू नका. हे तिकडेच बघत राहिले.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. फुलं स्वच्छ मिळाली, माती लागली नाही, बाजारात बायांची मान उंच झाली. साहेब स्वतः येऊन पाहून गेले. भाऊ त्या दिवसांत झाडाखालून असे फिरत, जसं काही ते झाड त्यांनीच लावलं होतं.

दुसऱ्या वर्षी, ऐन मोहाच्या दिवसांत, कौसाबाईंना हिवताप आला. मुलगा ट्रकवर. चूल भाऊंनी हातात घेतली. त्यांच्या भाकरीबद्दल कौसाबाई तापातसुद्धा बोलत होत्या, यावरून ती कशी असेल ते समजावं. अशाच एका दिवशी, दुपार कलायला लागली असताना आरडाओरडा झाला. खताचा खड्डा मोहाच्या झाडापासून थोड्याच अंतरावर होता. त्यातून धूर येत होता आणि वाऱ्यानं ज्वाळा बिछायतीवर नेली होती. आम्ही सगळ्या धावलो. बादल्या, घागरी, माती, ओली गोणपाटं, जे हाताला लागेल ते. बिछायतीचा एक मोठा भाग जळाला. मोहाचं खोड एका अंगानं काळं पडलं. पण आग कुंपणापर्यंत गेली नाही. विझल्यावर आम्ही सगळ्या तिथंच खाली बसलो, आणि वर पाहिलं तर साहेब उभे.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यानंच जास्त भीती वाटली. "राख कुणाची होती?" त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. "कुणाची ते कळलं, तर पुढचा बंदोबस्त करता येईल. कळलंच नाही, तर हमीला अर्थ काय उरला? उद्या सकाळी झाड पडेल."

तरी कुणी बोललं नाही. पण डोळे बोलू लागले. सकाळी सुगंधाबाईला राखेची टोपली घेऊन खड्ड्याकडे जाताना पुष्कळांनी पाहिलं होतं. एकीनं दुसरीकडे पाहिलं, दुसरीनं सुगंधाबाईकडे. एरवी कुणाला न ऐकणारी ती बाई पांढरी पडली. "मी पल्याडच्या टोकाले टाकली," ती म्हणाली. "मडक्यात मुरवून टाकली." कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मला अजून त्या गप्पपणाचा राग येतो, आणि त्यात मीही होते.

इस्तोभाऊ खड्ड्यात उतरले. आग सुरू झाली होती तो अलीकडचा कोपरा त्यांनी नीट पाहिला. मग नेहमीसारखे उकिडवे बसले आणि तळहात राखेवर ठेवला. राखेतून वाफ निघत होती. आम्ही बाया एकदम ओरडलो. त्यांनी हात काढला नाही. डोळे मिटून तसेच बसले, जणू सकाळच्या दवातल्या ढिगापुढे बसले आहेत. शेवटी सुगंधाबाईच्या नवऱ्यानं त्यांचा हात धरून ओढला. तळवा लालबुंद झाला होता. भाऊ त्या तळव्याकडे पाहत राहिले. एवढी वर्षं राखेत घातलेला तो हात, कातडं असं घट्ट झालेलं, की त्यातून आता काहीच आत जात नव्हतं. हे आम्हाला कळलं त्याच क्षणी त्यांनाही कळलं.

"मले गार लागून राह्यली," ते हळूच म्हणाले.

मग ते उठले. साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, राख माही हाये. या कोपऱ्यात सकाळी मीच टाकली. मडक्यात मुरू दिली नाई, घाई होती, घरात बिमार हाये. पन हात ठेवून पाह्यला होता. गार लागली मनून टाकली. या बाईचा काही कसूर नाई, अन् झाडाचा तं बिलकुलच नाई. मले कॉलनीतून काढा. झाड राहू द्या."

साहेब बराच वेळ त्यांच्या हाताकडेच पाहत होते. मग म्हणाले, "खड्डा नाल्यापलीकडे हलवा. आजच. झाड राहील." निघताना वळून म्हणाले, "आणि भाऊ, हाताला काही लावा." कॉलनीतून काढण्याबद्दल ते बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कौसाबाईंसाठी पेज घेऊन गेले, तर घरात धूर नाही. चूल थंड. भाऊ चुलीपुढे बसलेले, हाताला फडकं गुंडाळलेलं. मला बघून म्हणाले, "आता या घरची चूल पेटवाले मन होत नाई बाई." कौसाबाई बाजेवरून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला पक्कं ठाऊक होतं. पोंभुर्ण्याकडची ती म्हातारी, भाऊंची आई, जणू तिथंच कोपऱ्यात बसली होती.

इतक्यात मागच्या दारातून सुगंधाबाई आली. हातात गोवरी.

"भाऊ, इस्तो द्या."

भाऊंनी मान वर केली. "तुह्या घरी काडीपेटी नाई?"

"हाये. इस्तो पाह्यजे."

"चूल नाई पेटवली."

"तं पेटवा. मी थांबते." आणि ती उंबऱ्यावर बसलीच. बसल्याबसल्या म्हणाली, "आमच्या मायले गावात लोक इस्तो वरून फेकून देत, हात लागू नोये मनून. मी कोनाच्या दारी इस्तो मागाले कधी गेली नाई. आज तुमच्या दारी आली. आता मले रिकामी धाडता काय?"

भाऊंनी चूल पेटवली. डाव्या हातानं, फुंकर घालत, डोळे पुसत. धुरानं पुसतात तसे. लाकूड पेटलं, निखारा झाला, त्यांनी चिमट्यानं उचलून तिच्या गोवरीवर ठेवला. ती गेली तोच दुसरी आली. मग गाडीवानाची बायको, मग शाळेतल्या मास्तरांची आई. सुगंधाबाई झोपडीझोपडीतून सांगत गेली होती हे मला मागाहून कळलं. काल जिच्याकडे सगळ्यांचे डोळे वळले होते, तीच. मी तर घरी धावले. आमच्याकडे चूलच नव्हती, घासलेटचा स्टो होता. मी फुटक्या कवेलूवर इस्तो मागून आणला आणि कोळशाच्या इस्त्रीत घातला. ह्यांचे कपाटातले सगळे सदरे कडक झाले. हे म्हणाले, "आज काय लग्न आहे का कुणाचं?" मी म्हटलं, "गप्प बसा," आणि रडत रडत इस्त्री फिरवत राहिले.

त्यानंतर भाऊंनी स्वतःच्या हातावर कधी भरवसा ठेवला नाही. पण नियम सोडला नाही. पाला जळाला की ते माझ्या दारात येत. "चाला बाई. तुमचा हात नवा हाये." सुरुवातीला मी कुरकुरले. पोळ्या लाटताना, केस विंचरताना, कधीही बोलावणं यायचं. मग मी पदर खोचून त्यांच्या मागोमाग निघायची. ते उभे, मी उकिडवी. "वरवर नोको पाहू, पोरी. खाली दाब. डोये मिट. डोये उघडे असले की मानसाले थंडच वाट्टे." हे "पोरी" कधी सुरू झालं ते मला आठवत नाही. मी म्हणायची, "भाऊ, गार आहे." ते म्हणायचे, "घाई नाई कराची." मग मी पुन्हा दाबून पाहायची, आणि आत कुठं तरी ऊब सापडायची. आणखी एक बादली आणायला आता मीच सांगू लागले. शेजारपाजारच्या नव्या सुना मला मागं काय म्हणत असतील, याची मला चांगली कल्पना आहे.

ते गेले त्या वर्षी मोह खूप फुलला होता. छातीत दुखायला लागलं म्हणून एसटीनं गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. कौसाबाई बरोबर गेल्या. मुलगा परस्पर तिथं पोचला. काही दिवसांनी घेऊन आले तो त्यांचा देहच. अंगणात माणसं जमली. मडक्यात घरचा विस्तव घ्यायचा असतो, तो घ्यायला कुणी आत गेलं आणि रिकामं परत आलं. चूल कितीतरी दिवसांची थंड होती. काडीपेटी कुणी तरी पुढे केली.

"सुगंधाच्या चुलीतला आना," कौसाबाई म्हणाल्या.

पोंभुर्ण्याहून आलेले एक नातलग कुजबुजले, घरचाच लागतो म्हणून. कौसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरचाच हाये तो," त्या म्हणाल्या. "माह्याच चुलीतून नेला तिनं, कितीकदा." सुगंधाबाई मडकं घेऊन गेली आणि दोन्ही हातांनी धरून परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख उचलायला सगळे नदीवर गेले. तिथं बायाही जातात. मी मागं उभी होते. पाणी शिंपडून झालं होतं, धूर नव्हता. नातलगांना सकाळची बस धरायची होती. एकानं काठीनं राख हलवली आणि म्हणाला, गार झाली, चला उचला.

"थांबा," कौसाबाई म्हणाल्या. आणि गर्दीतून मला शोधून, "बाई, तुमी पाहा."

मी पुढे झाले. उकिडवी बसले, हात ठेवला आणि डोळे मिटले. वर गार होतं. मी खाली दाबलं.

"अजून ऊब आहे," मी म्हटलं.

"मंग बसा," कौसाबाई म्हणाल्या, आणि त्या वाळूत बसल्या. त्यांच्यामागे सुगंधाबाई बसली, मग गाडीवान, हमाल, आमचे हे, मास्तर. सगळ्यांत शेवटी नातलगही बसले. रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज आला. कुणीही उठलं नाही, आणि मीही हात काढला नाही.